कंपनीतील अनुभवाच्या बळावर डिजिटल समाजाच्या संशोधनाकडे वळता येईल का?

घाटाखाली यांचा प्रश्न

नमस्कार. मी एका ग्राहकोपयोगी वस्तूंच्या कंपनीत विक्री आणि वितरण विभागात सुमारे सतरा वर्षे काम करीत आहे. एमबीए पुण्याला केले, सुरुवातीची वर्षे पुणे आणि कोल्हापूर भागात काढली आणि नंतर बदली मागून घेऊन गोव्यात परतलो. सध्या गोवा आणि सिंधुदुर्गातील वितरकांचे काम पाहतो. वय चव्वेचाळीस आहे. नोकरी वाईट नाही. पण गेल्या काही वर्षांत एका गोष्टीने मनात घर केले आहे आणि तिचा छडा लावायचा तर नोकरीतील अहवालांच्या चौकटीत तो लागणार नाही, अशी माझी खात्री होत चालली आहे.

कंपनीने काही वर्षांपूर्वी किराणा दुकानदारांकडून मालाची मागणी ॲपवर घेण्यास सुरुवात केली. त्यापूर्वी सेल्समन आठवड्यातून एकदा गावात जाई, फळीवर काय संपले आहे ते पाहून वहीत मागणी लिहून घेई, आणि जुनी बाकी किती, यंदा चवथीला किती माल उधारीवर सोडायचा, हे वितरक त्या त्या दुकानदाराला ओळखून ठरवी. ॲपमध्ये उधारीची मुदत सर्वांना सारखी, म्हणजे पंधरा दिवस, ठेवण्यात आली आणि बाकी थकली की मागणी नोंदवण्याची सोय आपोआप बंद होऊ लागली. पुढच्या वर्षभरात पूर्वेकडच्या डोंगराळ भागातील बरीच लहान दुकाने आणि गाडे आमच्या पडद्यावर ‘निष्क्रिय’ म्हणून दिसू लागले. अहवालात लिहिले गेले की त्या भागातील मागणीच घटली आहे. मी मात्र त्या रस्त्याने जातो तेव्हा आमचा साबण आणि आमची बिस्किटे त्या फळ्यांवर मला दिसतात. चौकशी केली तेव्हा कळले की तो माल शेजारच्या मोठ्या दुकानदाराच्या लॉगिनमधून मागवला जातो. लहान दुकानदार त्याला नगामागे थोडा वरचा दर देतो आणि उधारी आता वितरकाऐवजी त्याच्याकडे चालते. म्हणजे कंपनीच्या दृष्टीने जो माणूस नाहीसा झाला, तो तिथेच आहे; फक्त तो आता दुसऱ्याच्या नावाखाली जगतो आहे.

या अनुभवाचे रूपांतर संशोधनात करावे आणि पुढे व्यवस्थापन विषयाचे अध्यापन करीत डिजिटल समाजाचा अभ्यास करावा, अशी इच्छा आहे. हा विषय व्यवस्थापनशास्त्राचा मानला जाईल की समाजशास्त्राचा? पीएच.डी.च्या वाटेने जावे, की अलीकडे ज्याची चर्चा होते त्या ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ पदाचा विचार करावा? कंपनीतील माहिती वापरता येते का? जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

---

निवृत्त मास्तर यांचे उत्तर

नियमांचा भाग मी सांगतो, कारण निवड समित्यांच्या कागदपत्रांत माझी बरीच वर्षे गेली आहेत. संशोधनाच्या आशयाबद्दल इतर मंडळी अधिक अधिकाराने बोलतील.

प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस या पदाची मार्गदर्शक तत्त्वे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये जाहीर केली. त्यासाठी आपल्या क्षेत्रातील किमान पंधरा वर्षांचा, शक्यतो वरिष्ठ पदावरचा अनुभव लागतो आणि पीएच.डी.ची अट नाही, म्हणून आपल्यासारख्यांना ते आकर्षक वाटणे स्वाभाविक आहे. तथापि अशा प्राध्यापकांची संख्या संस्थेतील मंजूर पदांच्या दहा टक्क्यांहून अधिक असू शकत नाही, एकूण कार्यकाळ तीन वर्षांचा आणि अपवादात्मक स्थितीत आणखी एका वर्षाचा असतो, आणि मानधन उद्योगाने द्यायचे, संस्थेने स्वतःच्या उत्पन्नातून द्यायचे की काम मानद करायचे, हे प्रत्येक ठिकाणी वेगळे ठरते. ज्याची कारकीर्द पूर्ण होत आली आहे आणि ज्याला विद्यार्थ्यांना चार व्यवहाराच्या गोष्टी सांगायच्या आहेत, त्याच्यासाठी ही उत्तम खुर्ची आहे. चव्वेचाळिसाव्या वर्षी जो माणूस एका प्रश्नाच्या मागे लागला आहे, त्याने तिच्यावर बसू नये असे माझे स्पष्ट मत आहे, कारण तीन-चार वर्षांनी ती सोडावी लागेल तेव्हा हाती पदवीही नसेल आणि संशोधनही नसेल.

राहिली पीएच.डी. आयोगाच्या २०२२ च्या नियमावलीनुसार तिचा कालावधी किमान तीन आणि सर्वसाधारणपणे कमाल सहा वर्षांचा आहे. नोकरी सांभाळून अर्धवेळ पीएच.डी. करता येते, मात्र नोकरी देणाऱ्याचे ना हरकत पत्र लागते आणि त्या पत्रात अभ्यासाला पुरेसा वेळ मिळेल, तसेच गरज पडल्यास कोर्सवर्कसाठी मोकळीक दिली जाईल, असे लिहिलेले असावे लागते. कोर्सवर्क किमान १२ श्रेयांकांचे असते. प्रबंध सादर करण्यापूर्वी शोधनिबंध प्रसिद्ध झालाच पाहिजे, ही जुनी सक्ती आयोगाने या नियमावलीत ठेवलेली नाही. तरीही प्रत्येक विद्यापीठाचा स्वतःचा अध्यादेश असतो आणि तो मुळातून वाचलेला बरा. जून २०२४ पासून नेट परीक्षेचे गुण पीएच.डी. प्रवेशासाठीही धरता येतात; त्यांना ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के भार असतो. नेटमधील कनिष्ठ संशोधन फेलोशिपला वयाची अट आहे, साहाय्यक प्राध्यापकाच्या पात्रतेला नाही, तेव्हा वयाची धास्ती बाळगू नका.

एक बाब बहुतेकांच्या नजरेतून सुटते. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची २०१९ ची नियमावली ज्या व्यवस्थापन संस्थांना लागू आहे, तेथे साहाय्यक प्राध्यापकासाठी पदव्युत्तर पदवीनंतरचा दोन वर्षांचा व्यावसायिक अनुभव ही अटच आहे. म्हणजे व्यवस्थापन शाखेने उद्योगाकडून येणाऱ्या माणसासाठी दार मुळातच उघडे ठेवले आहे. याउलट विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत सहयोगी प्राध्यापकपदासाठी लागणाऱ्या किमान आठ वर्षांत उद्योगातील अनुभवही मोजला जातो खरा, पण तो साहाय्यक प्राध्यापकाच्या तोडीच्या अध्यापनाचा किंवा संशोधनाचा असावा लागतो. विक्री विभागातील सतरा वर्षे तेथे आठ वर्षांच्या अनुभवात धरली जातील या भरवशावर कोणीही राहू नये. आपल्याला प्रारंभ तळाच्या पायरीवरूनच करावा लागेल.

गोव्यापुरते सांगायचे तर सरकारी आणि अनुदानित महाविद्यालयांच्या जाहिरातींत पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा दाखला आणि कोकणीचे ज्ञान मागितलेले असते. आपण काही वर्षे बाहेर नोकरी केली आहे, तेव्हा दाखल्याची चौकशी आधीच करून ठेवा. लेक्चर बेसिसवर तास घेण्याची संधी मिळाली तर ती जरूर घ्या, परंतु त्या पैशांवर घर चालेल असे समजू नका.

---

जुवारी पलीकडे यांचे उत्तर

मास्तरांनी नियमांची बाजू इतकी नीट मांडली आहे की तिच्यात भर घालण्याचे कारण नाही. मी स्वतः माहिती-तंत्रज्ञान कंपनीतून या क्षेत्रात आलो आणि आज एका व्यवस्थापन संस्थेत शिकवतो, म्हणून आशयाबद्दल लिहितो.

कंपनीतून येणाऱ्या माणसाची अशी समजूत असते की आपल्याजवळ अनुभवाची शिदोरी आहे आणि ती उघडली की संशोधन तयार. प्रत्यक्षात विद्यापीठाला आपल्या अनुभवाचे अप्रूप पहिल्या चर्चासत्रापुरतेच असते. पहिल्याच वर्षी माझ्या मार्गदर्शकांनी मला विचारले होते की तुम्ही जे सांगता ते तुमच्या कंपनीबाहेरच्या माणसाने का मानावे, आणि त्या प्रश्नाचे उत्तर तयार करण्यात माझा पुढचा बराच काळ गेला. तेव्हा आपल्या सतरा वर्षांतील कोणता भाग इतरांजवळ नाही, हे आधी नेमके ओळखा.

माझ्या मते तो भाग असा. दुकानदाराच्या फळीवरचा माल कोणीही पाहू शकतो. ॲप कोणीही उघडून पाहू शकतो. पण उधारीची मुदत पंधराच दिवसांची का, दहा किंवा तीस का नाही, ते कोणी ठरवले, कोणत्या बैठकीत, वित्त विभागाने की विक्री विभागाने, आणि कोणत्या शहरातील दुकानदार डोळ्यांसमोर ठेवून, हे बाहेरच्या संशोधकाला कधीही कळत नाही. त्याच्या लेखी तो आकडा म्हणजे तंत्रज्ञानाचा गुणधर्म असतो. तो निर्णय आहे, तो घेताना कोणीतरी विरोध केला असेल आणि तो विरोध इतिवृत्तात आलेला नसेल, हे आपणांस ठाऊक आहे. डिजिटल समाजावरील लिखाणात ‘अल्गोरिदम’ या शब्दाचा सध्या मोठा बोलबाला आहे. पण बहुतेक ठिकाणी त्या शब्दामागे एखाद्या व्यवस्थापकाने एका दुपारी भरलेला रकाना असतो. तो रकाना कसा भरला जातो हे दाखवणारा अभ्यास मला तरी फार मोलाचा वाटेल.

ही वाट नवीन नाही. गीर्ट हॉफस्टेड हे नाव आपण एमबीएला वाचलेच असेल. ते आयबीएम कंपनीत कर्मचारी संशोधनाचे काम पाहत होते. १९६७ ते १९७३ या काळात कंपनीने अनेक देशांतील कर्मचाऱ्यांकडून भरून घेतलेल्या एक लाखाहून अधिक प्रश्नावल्यांवर त्यांचा राष्ट्रीय संस्कृतींचा सिद्धांत उभा आहे. १९८० मध्ये तो प्रसिद्ध झाला तेव्हा कंपनीचे नाव झाकून ‘हर्मिस’ असे टोपणनाव वापरलेले होते. पुढे २००२ मध्ये ब्रेंडन मॅकस्वीनी यांनी नेमक्या मर्मावर बोट ठेवले : एकाच कंपनीच्या नोकरांवरून अख्ख्या देशाची संस्कृती कशी ठरवता येईल? आपल्याही बाबतीत हेच होणार आहे. एका कंपनीच्या ॲपवरून ‘गोव्यातील किरकोळ व्यापाराचे डिजिटलीकरण’ असे भारदस्त शीर्षक देण्याचा मोह होईल, तो आवरा. दुसऱ्या एखाद्या कंपनीच्या वितरणाची जोड मिळाली, किंवा ॲप न वापरणारा एखादा वितरक तुलनेसाठी मिळाला, तर विधान लहान असूनही पक्के होईल.

दुसरे उदाहरण ल्युसी सचमन यांचे. झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात त्यांनी सुमारे दोन दशके काम केले आणि नंतर त्या लँकेस्टर विद्यापीठात गेल्या. माणसे फोटोकॉपी यंत्राशी प्रत्यक्षात कशी झटापट करतात, याचे त्यांनी बारकाईने चित्रण करून विश्लेषण केले आणि यंत्र बनवणाऱ्यांनी गृहीत धरलेला ‘वापरकर्ता’ व यंत्रासमोर उभा असलेला माणूस यांच्यातील अंतर दाखवून दिले. शेजाऱ्याच्या लॉगिनमधून माल मागवणारा आपला दुकानदार याच जातकुळीचा आहे. माहिती-प्रणालींच्या अभ्यासात अशा आडवाटांवर, म्हणजे ज्यांना तिथे ‘वर्कअराउंड’ म्हणतात त्यांवर, पुष्कळ लिहिले गेले आहे. ते वाचून घेतल्याखेरीज प्रश्नावली छापायला देऊ नका. व्यवस्थापनशास्त्र की समाजशास्त्र, या प्रश्नाचे माझे उत्तरही यातच आले. पदवी व्यवस्थापनात घ्या, कारण आपली एमबीए आणि पुढची नोकरी दोन्ही तिथे आहेत. वाचन मात्र दोन्हीकडचे करा.

कंपनीच्या माहितीबद्दल अगदी रोखठोक सांगतो. नोकरीत असताना पडद्यावर दिसलेले आकडे आपले नाहीत. त्यांच्यासाठी लेखी परवानगी घ्या, आणि ती घेताना प्रबंध प्रसिद्ध होईल, परीक्षक तो वाचतील आणि निष्कर्ष कंपनीला न रुचणारेही असू शकतील, हे त्या पत्रात येऊ द्या. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ यात संशोधनासाठी सवलत आहे. ठरवून दिलेले निकष पाळले आणि त्या माहितीच्या आधारे कोणा विशिष्ट व्यक्तीविषयी निर्णय घेतला नाही, तर ती मिळते. परंतु ती सवलत व्यक्तीच्या माहितीपुरती आहे. नोकरीच्या करारातील गोपनीयतेच्या कलमातून ती आपली सुटका करीत नाही. तोंडी ‘हो’ म्हणणारा वरिष्ठ दोन वर्षांत बदलून जातो आणि त्याच्या जागी येणारा माणूस वकिलाला विचारतो, हे आपणांस सांगायला नको.

कंपनीतील एक सवय मात्र आपल्याला मोडावी लागेल, आणि ती सर्वांत चिवट असते. आपण पहिल्याच पानावर शिफारस लिहितो. ‘उधारीची मुदत तालुकावार ठेवावी’ हे वाक्य आपल्या मनात आत्ताच तयार असेल. प्रबंधात त्याला शेवटच्या प्रकरणातही फार जागा नसते; लहान दुकानदाराने वितरकाकडे तक्रार न करता शेजाऱ्याचा वरचा दर का पत्करला, याचे उत्तर परीक्षकाला हवे असते.

आणखी एक गोष्ट, जराशी कडवट. व्यवस्थापन संस्थांत बढतीसाठी ऑस्ट्रेलियन बिझनेस डीन्स कौन्सिलच्या यादीतील वरच्या श्रेणीची नियतकालिके मोजली जातात. गोव्यातील डोंगराळ भागातील किराणा दुकानावरचा निबंध त्यांच्यापैकी एखाद्याकडे पाठवला, तर ‘यातून सिद्धांतात काय भर पडते’ असा प्रश्न हमखास येतो. तो प्रश्न रास्त आहे. पण त्याच्या धाकाने दुकान विसरून केवळ सिद्धांत लिहिणारे सहकारीही मी रोज पाहतो.

---

काणकोणची यांचे उत्तर

मी समाजशास्त्राकडून आले आहे, त्यामुळे माझा सूर थोडा वेगळा लागेल.

वरच्या सर्व चर्चेत ॲप केंद्रस्थानी आहे आणि उधारी त्याच्या भोवती फिरते आहे. मला उलटे दिसते. वितरकाने माणूस ओळखून उधारी द्यायची, या जुन्या पद्धतीत कोणाला ओळखले जात होते आणि कोणाला नाही, हे आधी तपासा. दुकान विधवेचे असेल, दुकानदार गावात नव्याने आलेला असेल किंवा वितरकाच्या उठण्याबसण्यातला नसेल, तर त्याला चवथीचा माल मिळत होता का? कंपनीतून आलेल्या संशोधकाला जुनी पद्धत आपुलकीची वाटते, कारण तो सेल्समनच्या मोटारसायकलवर मागे बसून गावात गेलेला असतो. ‘निष्क्रिय’ झालेल्या दुकानांपैकी काही ॲप येण्याच्या आधीपासूनच शेजाऱ्याच्या आधारावर उभी असतील, आणि ॲपने फक्त ते उघडे पाडले असेल, ही शक्यता आपण गृहीत धरलेली दिसत नाही.

केरळमधील मच्छीमार आणि मोबाईल फोन यांच्या अभ्यासाची कहाणी या संदर्भात पाहण्यासारखी आहे. अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट जेन्सन यांनी २००७ मध्ये दाखवले की १९९७ ते २००१ या काळात उत्तर केरळच्या किनाऱ्यावर मोबाईल सेवा पोहोचल्यावर निरनिराळ्या बंदरांतील तारलीच्या दरांतील तफावत घटली, गिऱ्हाईक न मिळाल्याने फेकून द्यावा लागणारा मासा जवळजवळ थांबला, मच्छीमारांचा नफा सरासरी ८ टक्क्यांनी वाढला आणि ग्राहकाला मासा ४ टक्क्यांनी स्वस्त पडला. हा अभ्यास जगभर गाजला. पुढे जानकी श्रीनिवासन आणि जेना ब्युरेल यांनी केरळच्या मच्छीमारांचे प्रत्यक्ष व्यवहार पुन्हा पाहिले आणि २०१३ मध्ये मांडले की कोण कुठे मासा विकतो, हे एकट्या दराने ठरत नाही. होडीचा प्रकार, लिलाव करणाऱ्याशी असलेले नाते आणि देण्याघेण्याचे संबंध यांचाही त्यात वाटा असतो. जेन्सन यांचे आकडे त्यामुळे खोटे ठरत नाहीत. फोनने आपसूक भले होते हा त्यांच्यावरून काढलेला सरसकट निष्कर्ष मात्र टिकत नाही. आपल्या विषयात या दोन्ही पद्धतींची गरज आहे, आणि आपल्या शिक्षणाने आपल्याला पहिलीच शिकवलेली आहे.

आमच्याकडच्या मासळी बाजारातील एक गोष्ट सांगते. मासे विकणाऱ्या एका बाईच्या टोपलीशेजारी क्यूआर कोड लावलेला आहे आणि पैसे जमा झाल्याची घोषणा करणारा साउंडबॉक्सही आहे. रक्कम मोठ्याने ऐकू येते, पण खाते मुलाचे आहे. संध्याकाळी तिला बर्फवाल्याचे पैसे द्यायचे असतात तेव्हा ती मुलाला फोन करते. डिजिटल व्यवहारांच्या सरकारी मोजणीत तिची विक्री येते. तिच्या हातातून काय गेले, ते कोणत्याच मोजणीत येत नाही. आपल्या दुकानदाराचेही असेच आहे, तेव्हा ‘लॉगिन कोणाचे’ या प्रश्नाच्या जोडीने ‘वही कोणाकडे’ हाही प्रश्न विचारा.

आता मुख्य मुद्दा, ज्यासाठी मी लिहायला बसले. आपले संशोधन यशस्वी झाले तर काय होईल, याचा विचार केला आहे का? एका लॉगिनमधून अनेक दुकानांचा माल मागवला जातो, हे प्रबंधात सिद्ध झाल्यावर कंपनीतील कोणीतरी ते वाचेल आणि मोठ्या दुकानदारांच्या मागणीवर मर्यादा घालेल. त्याच्या दृष्टीने ती गळती बुजवण्याची साधी दुरुस्ती असेल. ज्या लहान दुकानदाराने आपल्याला चहा पाजून सर्व काही मोकळेपणाने सांगितले, त्याची शेवटची सोय त्या दिवशी बंद होईल. म्हणून नावे बदलणे पुरेसे नाही. गोवा लहान आहे; गावाचे नाव गाळून ‘घाटाच्या पायथ्याचे, शाळेजवळचे दुकान’ एवढे लिहिले तरी तालुक्यात ते कोणाचे, हे सर्वांना कळते. आपण प्रश्नात तालुक्याचे नाव घेतलेले नाही, हे फार चांगले केले. प्रबंधातही तेच धोरण ठेवा. कंपनीची लेखी परवानगी घ्या, असे वर म्हटले आहे. दुकानदाराची परवानगी घेताना आपण त्याच कंपनीचे नोकर आहोत, हे त्याला सांगणार आहात का? सांगितले तर तो मोकळे बोलणार नाही, न सांगितले तर ती फसवणूक होईल. यावर माझ्याकडे एकच उत्तर आहे : आपला हुद्दा सांगा, वितरकाला सोबत नेऊ नका, आणि पहिल्या काही भेटींत काहीच हाती लागणार नाही हे धरून चला. नोकरी सोडल्यानंतर क्षेत्रकार्य सुरू करता आले तर सर्वांत बरे, पण प्रत्येकाला ते परवडेल असे नाही.

---

जुवारी पलीकडे यांचे प्रत्युत्तर

काणकोणची यांचा गळतीचा मुद्दा मला मान्य आहे, आणि कंपनीच्या परवानगीपत्राबद्दल मी जे लिहिले ते त्यामुळे अपुरे ठरते. पत्रात एक ओळ वाढवावी : मुलाखतींच्या नोंदी आणि दुकानांची ओळख पटेल अशी कोणतीही यादी कंपनीला दिली जाणार नाही. कंपनीने ही ओळ मान्य केली नाही, तर कंपनीचे आकडेच वापरू नयेत आणि केवळ दुकानदारांच्या वह्या व मुलाखती यांवर प्रबंध उभारावा. तो तरीही उभा राहतो.

एका बाबतीत मात्र मतभेद नोंदवतो. जुनी पद्धत अन्यायाची होती की नाही, हा स्वतंत्र प्रबंधाचा विषय आहे. अर्धवेळ संशोधकाने दोन्ही ओझी एकाच वेळी उचलू नयेत.

---

घाटाखाली लिहितात

सर्वांचे मनापासून आभार, देव बरे करो. प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिसचा विचार मी सोडून दिला आहे. वरची चर्चा वाचून प्रश्न आता असा मांडतो : मागणी आणि उधारी यांचे नियम ॲपमध्ये बांधले गेल्यावर उधारीची जोखीम कोणाकडून कोणाकडे सरकली, आणि ज्याच्याकडे ती आली त्याने ती का स्वीकारली? यात मोठा दुकानदार मध्यभागी येतो. आजवर त्याच्याकडे मी केवळ आमचा चांगला ग्राहक म्हणून पाहत होतो. चवथीपूर्वी दहा-बारा लहान दुकानांची उधारी अंगावर घेणारा हा माणूस वितरकाचेच काम करतो आहे आणि त्याला त्याबद्दल वितरकाचे कमिशन मिळत नाही, हे आता लक्षात येते. वितरकाशी जुनी ओळख नसलेल्या दुकानांचाही मी नमुन्यात समावेश करीन. तेवढ्याने काणकोणची यांच्या शंकेचे निदान अर्धे उत्तर मिळावे.

एक अडचण उरते. व्यवस्थापन विभागातील मार्गदर्शकाला मुलाखतींवर आधारलेला, आकडे कमी असलेला प्रबंध मान्य होईल का? गोवा विद्यापीठाचे बिझनेस स्कूल, आमच्या बाजूला साखळीजवळ असलेली गोवा इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंट आणि झुआरीनगरचा बिट्स पिलानीचा परिसर, एवढीच ठिकाणे सध्या डोळ्यांसमोर आहेत.

---

निवृत्त मास्तर यांचे उत्तर

संस्थेआधी मार्गदर्शक निवडा. तीनही ठिकाणच्या अध्यापकांची माहिती त्यांच्या संकेतस्थळांवर असते. ज्यांनी स्वतः मुलाखतींवर आधारित निबंध लिहिले आहेत अशांची नावे काढा आणि त्यांचे दोन-दोन निबंध वाचल्यावरच पत्र लिहा. बिट्समध्ये मानव्यविद्या आणि सामाजिक शास्त्रांचा विभाग आहे, तेव्हा तेथे आपला विषय कोणत्या विभागात बसतो, ते आधी विचारून घ्या. स्वायत्त व्यवस्थापन संस्थांतील फेलो प्रोग्रॅमचा विचार करणार असाल, तर तो पूर्णवेळ आहे का आणि पीएच.डी.शी समकक्ष मानला जातो का, हे दोन्ही लेखी मागवा.

२०२२ च्या नियमावलीत आंतरविद्याशाखीय संशोधनासाठी विभागाबाहेरील किंवा विद्यापीठाबाहेरीलही सहमार्गदर्शक नेमण्याची तरतूद आहे. आपल्या विषयाला ती चपखल लागू पडते : मुख्य मार्गदर्शक व्यवस्थापनातील, सहमार्गदर्शक समाजशास्त्रातील. नोंदणीच्या वेळीच तसा अर्ज करा, कारण मध्येच सहमार्गदर्शक जोडायला गेलात तर समित्यांच्या फेऱ्यांत वर्ष जाते. प्राध्यापकाकडे एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि साहाय्यक प्राध्यापकाकडे चारच विद्यार्थी असू शकतात, तेव्हा जागा आहे का हे आधी विचारा. ज्यांच्या निवृत्तीला तीन वर्षांहून कमी अवधी उरला आहे, त्यांना नवा विद्यार्थी घेता येत नाही. नामवंत मार्गदर्शकाच्या शोधात असलेले लोक नेमके हेच विचारायला विसरतात आणि प्रवेशाचे वर्ष वाया घालवतात.